पूर्वेच्या भिंतीतला अंगठा

"दोन किलो तीनशे!" नर्सबाईंनी जाड भिंगांच्या चष्म्यातून जुन्या चोपडीतला आकडा वाचला आणि व्हरांड्यात एकच हशा पिकला. कारण समोर उभा होता बाजारातला खाटीक, आणि त्याला दारातून आत यायला जरा तिरकं व्हावं लागलं होतं.

"हसता काय?" तराजूशेजारच्या खुर्चीतून थोरली म्हणाली. "तेवढा होता तेव्हा निदान मापात तरी मारत नव्हता."

"काकू, चारचौघांत नको ना," खाटीक म्हणाला आणि पिशवीतली नाणी पारड्यात ओतायला लागला.

पारडं तान्ह्या बाळांचं होतं. पांढऱ्या मुलाम्याचं, कडेला टवके उडालेलं, मधे जरा खोलगट. या प्रसूतिगृहात जन्मलेलं प्रत्येक लेकरू आईच्या कुशीत जायच्या आधी त्यात रडून गेलं होतं. काटा थरथरला, वर चढला आणि थांबला.

"झालं," नर्सबाई म्हणाल्या.

"कुठं झालं? काटा अलीकडे आहे. टाक आणखी चार. आईच्या पोटातून पुरा आलास ना, मग वर्गणी अर्धी कशी?"

खाटकानं खिसा चाचपून आणखी चार नाणी टाकली. नर्सबाईंनी चोपडीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली, आणि पुढचा माणूस सरकला.

ही सगळी कल्पना नर्सबाईंचीच. प्रसूतिगृह बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी तिथल्या एकेचाळीस चोपड्या त्यांनी स्वतःच्या पलंगाखाली जपून ठेवल्या होत्या. मागच्या वर्षी इमारतीची पूर्वेची भिंत फुगली, विटा ढासळल्या आणि नगरपालिकेनं दारावर नोटीस डकवली, की वर्षभरात दुरुस्त करा, नाहीतर पाडू. पाडून तिथं गाड्या उभ्या करायची जागा होणार होती. अर्धा गाव जिथं जन्मला तिथं गाड्या! गाव पेटलं. हेडमास्तरांनी समिती काढली. खोल्या सावरल्या की एका बाजूला दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला वाचनखोली करायचं ठरलं. आणि नर्सबाई म्हणाल्या, जो इथं जन्मला त्यानं आपल्या जन्माच्या वजनाइतकी नाणी द्यावी. ज्याच्याकडे मोठी त्यानं मोठी, ज्याच्याकडे चिल्लर त्यानं चिल्लर. काट्याला सगळी सारखी.

थोरलीचं नाव मात्र त्या एकेचाळीस चोपड्यांत कुठंच नव्हतं. ती सून होऊन या गावात आली. "माझं वजन कधी कुणी केलं नाही," ती सांगायची, "आणि आता करायची कुणाची छाती नाही." शाळा दोन इयत्ता. तिसरीत बाईंशी भांडून घरी आली ती आलीच. पण सोळाव्या वर्षी गवंड्याच्या घरात पडली, आणि तिथं सासऱ्यांनी तिला भिंत वाचायला शिकवलं. कागद वाचताना अडखळणारी थोरली भिंत घडाघडा वाचायची. तीन दीर वाढवले, दोन नणंदा उजवल्या, एक मुलगा केला, नवरा पोचवला. एवढ्या बारदान्यात तिचं कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भाजी खारट झाली तर मीठ वाईट असायचं. गल्लीत लोक पैज लावताना म्हणत, "हे खरं नसेल तर थोरलीचं चुकलं म्हणेन!" म्हणजे पैज जिंकल्यातच जमा.

सहा रविवार तराजू लागला. डबे भरले, पण लागणाऱ्या रकमेच्या निम्म्यावर येऊन गाडं रुतलं. चोपड्यांतली निम्मी माणसं परगावी, काही थेट वरच्या गावी. त्या सहाव्या रविवारी, खाटकाच्या मागून, सिमेंटचे व्यापारी शेटजी आले.

"चार किलो शंभर," नर्सबाई म्हणाल्या. "त्या वर्षातलं सगळ्यात जड बाळ."

"अजूनही," थोरली पुटपुटली.

शेटजी मनमोकळे हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तराजूकडे हात केला, पण नाणी काढली नाहीत. म्हणाले, "हेडमास्तर, चिल्लरीनं भिंत उभी राहायची नाही. पूर्वेची भिंत माझ्याकडून. लागेल तेवढं सिमेंट, वर मजुरी. दोन महिन्यांत काम पुरं. माझी एकच अट."

लोक जवळ सरकले.

"ती भिंत ज्यांनी राखली त्या मिस्त्रींचं, काकूंच्या यजमानांचं, नाव दगडावर कोरून तिथंच लावायचं. आणि काम त्यांच्या मुलाला द्यायचं. बापाची भिंत लेकानं सावरावी, यासारखं काय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. गर्दीत उभा असलेला थोरलीचा मुलगा, ज्याला सगळे धाकटा मिस्त्री म्हणत, लाल झाला. सून पोस्टात कामाला होती आणि समितीची टिपणं लिहायची, ती लिहिता लिहिता थांबून नवऱ्याकडे बघायला लागली. लोक थोरलीकडे वळले. ती काहीतरी ठसक्यात बोलेल म्हणून वाट बघत राहिले.

थोरलीनं फडकं उचललं. "नाणी सांडताहेत," एवढंच म्हणाली आणि पारडं पुसायला लागली. पारड्यात एकही नाणं नव्हतं.

*

संध्याकाळी घरी मुलगा उशिरा आला. हातपाय धुऊन जेवायला बसला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"कुठं होतास?" सुनेनं विचारलं.

"भिंतीकडे. बाबांना सांगून आलो."

थोरलीनं पोळी त्याच्या ताटात जरा जोरात टाकली.

सांगून आलो म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीच्या सासरच्या गवंड्यांची एक रीत होती. काम पुरं झालं, मनासारखं झालं, की भिंतीच्या तळाच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ओल्या गिलाव्यात अंगठा दाबायचा. सही म्हणा, शपथ म्हणा. पूर्वेच्या भिंतीला पन्हाळीच्या नळामागे असा एक अंगठा होता. धाकटा मिस्त्री पहिलं काम घ्यायला निघाला तेव्हा त्या खळग्यात बोटाचं टोक टेकवून गेला होता. त्यानंतर पंचवीस वर्षांत एकही काम त्यानं तसं केल्याशिवाय सुरू केलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा गेला होता. सून अजून चिडवायची, "मला बघायला आला त्याच्या आधी भिंतीला विचारून आला."

"आई, तू बोलली का नाहीस?" सून म्हणाली. "सगळे वाट बघत होते. बाबांचं नाव दगडावर लागणार, आणि तू पारडं पुसत बसलीस."

"धूळ होती."

"धूळ नव्हती."

"तुला दिसत नसेल, मला दिसते. जेवा."

मुलगा हसला. "राहू दे गं. आई खूश झाली की असंच करते." मग पोळीचा तुकडा हातातच ठेवून म्हणाला, "आई, सगळी भिंत तासून नवं सिमेंट करतो. पण तो कोपरा हलवणार नाही. अंगठा आहे तसा ठेवीन. त्याच्यावरच दगड लावू."

थोरली उठून आत गेली. मीठ आणायला गेली असं तिनं सांगितलं. मीठ समोरच होतं.

*

सकाळी उजाडताच ती एकटीच इमारतीकडे गेली. हातात जुनी हातोडी. पूर्वेच्या भिंतीला बांबूंचे टेकू दिलेले होते. तिनं भिंतीवर हातोडीनं हलकेच ठोकलं. भोपळ्यावर टिचकी मारावी तसा पोकळ आवाज आला. मग एका भेगेत हातोडीचं टोक घालून तिनं उचकटलं. सिमेंटचा पापुद्रा ताटाएवढा निघून खाली पडला. आत वीट नव्हती. विटेचं पीठ होतं, ओलं, लाल, आणि त्यावर मिठासारखी पांढरी बुरशी. थोरलीनं बोट लावून जिभेला लावलं. खारट.

तिला आश्चर्य वाटलं नाही. पस्तीस वर्षं ती या चवीची वाट बघत होती.

तेव्हा या भिंतीच्या पायाला लोणा लागला होता, ओलीबरोबर चढलेल्या मिठानं विटा भुसभुशीत होत होत्या. मिस्त्री म्हणाले, चुन्यानं करू, दोन महिने द्या. आणि चुना म्हणजे थोरली. घरात चुना विरवायचा तिनं, मळायचा तिनं, चाळायचा तिनं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो भडकून उकळतो, आणि त्याच्या वाफेत हात घालून ती अठरा वर्षं उभी होती. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, नखं झिजलेली. मुलगा चार वर्षांचा होता. ती त्याच्या गालावरून हात फिरवायला गेली की तो तोंड फिरवायचा. "टोचतं," म्हणायचा.

एके दिवशी तो पुन्हा तसं म्हणाला आणि त्याच क्षणी थोरलीनं ठरवलं, बास.

"सगळं जग सिमेंट वापरतं," ती नवऱ्याला म्हणाली. "दहा दिवसांत भिंत, ना मळणं ना मुरवणं. तुम्हालाच चुन्याचा एवढा पुळका का?"

"थोरले, नव्या भिंतीला नवं चालतं. ही म्हातारी आहे. ती ओल पिते आणि हवेवर सोडते. तिच्या तोंडावर फडकं बांधलं तर आतल्या आत कुजेल."

"कुजेल तेव्हा बघू. आधी माझे हात बघा."

मिस्त्रींनी हात बघितले. दहा दिवसांत सिमेंटचा गिलावा करून दिला, गुळगुळीत, अंडं ठेवलं तर घरंगळेल असा. गाव बघायला आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी थापी धुतली आणि निघाले.

"अंगठा?" थोरलीनं विचारलं.

"हे काम माझं नाही," ते म्हणाले. रागानं नाही. वेळ सांगावी तसं.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळामागे वाकून तिनं स्वतःचा अंगठा त्या ओल्या सिमेंटात दाबला. असा दाबला की दुसऱ्या दिवशी दुखत होता.

तिचे हात महिन्याभरात बरे झाले. मिस्त्री त्यानंतर सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांत "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. थोरलीकडे उत्तर तयार होतं. आणि ते गेल्यावर दहा वर्षांच्या मुलानं बापाची खूण कुठं कुठं आहे ते दाखव म्हणून हट्ट धरला, तेव्हा रडणाऱ्या पोराला घेऊन ती सगळ्यात जवळच्या भिंतीकडे आली होती. नळामागे बोट दाखवून म्हणाली होती, "हा बघ."

थोरलीनं हातोडी खाली ठेवली. आता ही भिंत पुन्हा सिमेंटानं लिंपली, तर वरून झकास दिसेल. दहा वर्षं, पंधरा वर्षं. ती स्वतः तोवर नसेल. कुणाला काही कळणार नाही. मिस्त्रींचं नाव दगडावर राहील, आणि एक दिवस तो दगड भिंतीसकट रस्त्यावर येईल. ज्या कामाला त्यांनी अंगठा दिला नाही त्यालाच त्यांचं नाव!

"ऊठ, सटवे," ती स्वतःलाच म्हणाली.

*

पुढच्या रविवारी व्हरांड्यात तराजू मांडला नव्हता. ठराव व्हायचा होता. हेडमास्तरांनी कागद उघडला. "ज्यांच्या कुशल हातांनी या पवित्र वास्तूची पूर्वभिंत..."

"खोडा ते," थोरली म्हणाली.

"शब्द जड झाले का? सोपे करतो."

"शब्द नाही, नाव खोडा. ती भिंत मिस्त्रींची नाही. आणि तिला सिमेंट लावायचं नाही. चला माझ्याबरोबर."

चाळीसेक माणसं तिच्या मागून इमारतीला वळसा घालून गेली. ती आधी उत्तरेच्या भिंतीपाशी थांबली. तिच्या सासऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी चुन्यानं केलेला तिथला गिलावा काळवंडला होता, पण तिनं हातोडीनं ठोकलं तेव्हा भरल्या मडक्यासारखा आवाज आला. मग पूर्वेकडे जाऊन ठोकलं. आवाज सगळ्यांनी ऐकला. तिनं पापुद्रा उचकटला आणि विटेचं पीठ हेडमास्तरांच्या हातावर दिलं.

"चाटा."

"काय?"

"चाटा म्हणते. विष नाही ते."

हेडमास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. उभ्या गावाला ज्यांनी पाढे शिकवले त्यांनी जीभ बाहेर काढून भिंत चाटली. "खारट आहे," ते म्हणाले.

"जमिनीतली ओल विटेतून वर चढते, मीठ घेऊन. चुना असला तर ती बाहेर पडून वाळून जाते. सिमेंटानं वाट बंद केली की मीठ आतच साचतं आणि वीट खातं. पस्तीस वर्षं खात होतं. भिंत जुनी झाली म्हणून नाही पडली. आम्ही दुरुस्त केली म्हणून पडली."

शेटजी पुढे आले. "काकू, मी शहरातल्या इंजिनिअरला विचारलंय. शिकलेला माणूस आहे."

"असेल. किती भिंती चाटल्यात त्यानं?"

लोक हसले, शेटजी नाही. "म्हणजे माझ्या मालाला नावं ठेवताय."

"मालाला नाही, शेटजी. उद्या नवा पूल बांधा तुमच्या सिमेंटाचा, मी पहिली चालून दाखवीन. पण म्हातारीच्या पायात पैलवानाचा बूट घातला आणि ती पडली, तर दोष बुटाचा नसतो. घालणाऱ्याचा असतो."

"पण घातला कुणी?" मागून मुलाचा आवाज आला. तो गर्दी बाजूला सारत पुढे आला. चेहरा पांढरा पडला होता. "आई, तू बाबांना दोष देतेयस? सगळ्या गावासमोर? बाबांनी या भिंतीला अंगठा दिलाय!"

थोरलीनं त्याच्याकडे बघितलं. तिथंच थांबता आलं असतं. नवरा चुकला म्हणून सांगितलं असतं तरी भिंत वाचली असती. मेलेला माणूस काही उठून भांडत नाही.

"तिथं अंगठा घाल," ती म्हणाली.

"काय?"

"बोटाचं टोक टेकवतोस ना नेहमी? आज अंगठा घाल. बापाचा हात तुझ्याएवढाच होता."

मुलगा नळामागे वाकला. त्याचा अंगठा त्या खळग्यात शिरेना. त्यानं आडवा करून बघितला, उभा करून बघितला. मग तसाच उकिडवा बसून राहिला.

थोरली गुडघ्यावर हात टेकून त्याच्या शेजारी बसली. तिनं आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. किल्ली कुलपात बसावी तसा तो बसला.

मागचे लोक बघायला वाकले.

"ते चुनाच म्हणत होते," ती म्हणाली. भिंतीकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी सिमेंट करायला लावलं. त्यांनी अंगठा दिला नाही. नाही दिला, हीच त्यांची सही. हा माझा आहे. माझा हट्ट, माझा अंगठा. चूक झाली. माझी." मग ती उठायला लागली, आणि उठता उठता तिचा आवाज नेहमीचा झाला. "आता तोंड काय बघताय माझं? चुना मुरायलाच महिने जातात. नोटिशीचे आठ उरलेत."

"तू मला सांगितलं होतंस," मुलगा खालूनच म्हणाला. "मी दहा वर्षांचा होतो."

"खोटं सांगितलं."

"पंचवीस वर्षं मी..."

"हो."

तो उठला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. शेटजीही गेले. त्यांच्याबरोबर निम्मी भिंत गेली, कारण पैसे त्यांचे होते. सून तेवढी टिपणांची वही छातीशी धरून उभी होती.

"काय लिहू आई?" तिनं हळूच विचारलं.

"झालं ते लिही. नटवू नकोस."

*

मुलगा घरात तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी प्रसूतिगृहाच्या मागे खोदायचा आवाज आला. थोरली गेली तर तो कमरेइतक्या खड्ड्यात उभा.

"एवढा पुरेल का?" त्यानं वर न बघता विचारलं. आई असं म्हटलं नाही.

"अजून हातभर खोल हवा. आणि कडा सरळ कर. चुन्याचा खड्डा आहे, डुकराचा नाही."

तो खाली वाकला. खांदे हलले. हसला की काय ते तिला दिसलं नाही, आणि तिनं वाकून बघितलंही नाही.

पैशांचं कोडं नर्सबाईंनी सोडवलं. त्यांनी परगावी गेलेल्यांना पत्रं लिहिली. पत्रात एकच ओळ: तुमचं जन्माचं वजन इतकं इतकं, बाकी तुम्ही जाणता. आपलं वजन आपल्यालाच ठाऊक नसतं. ते पत्रातून आल्यावर माणसं हलली. कुणी पैसे पाठवले, कुणी स्वतः नाणी घेऊन आलं. ज्यांच्याकडे देण्यासारखं नव्हतं त्यांना थोरली म्हणाली, "हात आहेत ना? मग मळायला या." बायका आल्या, शिंपी आला, पोस्टातली सुनेची मंडळी आली, खाटीक आला आणि एकटा चौघांचं काम करून गेला.

"मापात मारलं नाहीस आज," थोरली त्याला म्हणाली. खाटकाला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

थोरली खुर्ची टाकून बसायची आणि तोंडानं मुकादमी करायची. "ए, कळीवर वाकू नकोस, डोळे जातील. लांब काठीनं ढवळ. हातांना तेल लावलंस का? लाव आधी. माझे बघितलेस?" ती हात पुढे करायची, आणि मग पटकन मागे घ्यायची, कारण ते हात आता मऊ होते.

शेटजी महिनाभर फिरकले नाहीत. मग एके दुपारी त्यांचा ट्रक येऊन लागला. आत कळीचा चुना, दूरच्या भट्टीतला, चांगला पांढराशुभ्र. चालकाकडे चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. पुढच्या रविवारी स्वतः शेटजी आले, रांगेत उभे राहिले आणि चार किलो शंभर ग्रॅम नाणी मोजून तराजूत ओतून गेले. थोरलीनं त्यांना एकही टोमणा मारला नाही. तिच्याकडून तो फार मोठा मान होता.

पाचव्या महिन्यात चुना लोण्यासारखा झाला. मुलानं पडकी भिंत तासायला घेतली. सडलेल्या विटा काढल्या, नव्या चुन्यात बसवल्या. हातातली थापी बापाची होती, तिची मूठ झिजून एका बाजूला कललेली. थोरली खालून बघत होती. एकदाच म्हणाली, "ओळंबा धर," आणि त्यानं धरला तेव्हा भिंत सुतात होती. ती पुन्हा बोलली नाही.

गिलावा पुरा झाला त्या दिवशी त्यानं थापी धुतली. नळामागच्या कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"देऊ?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? काम तुझं. तुला वाटतं का द्यावा?"

त्यानं भिंतीकडे खूप वेळ बघितलं. मग वाकून अंगठा दाबला. उठल्यावर हात पुसत म्हणाला, "आई, तुझं एक सामान आहे."

बांबूंच्या परांचीखालून त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. जुना गिलावा फोडताना बाकी सगळं त्यानं घणानं उडवलं होतं. पण तो कोपरा त्यानं छिन्नीनं, कडेकडेनं, दोन दिवस लावून सोडवला होता. वीतभर सिमेंटचा तुकडा, मधोमध खळगा. एक टवकासुद्धा उडाला नव्हता.

"फेकून द्यायचास," थोरली म्हणाली.

"पंचवीस वर्षं हात लावलाय त्याला," तो म्हणाला. "सवय आहे."

तराजूचा तो शेवटचा रविवार होता. व्हरांड्यात नर्सबाई एकट्याच चोपड्या बांधत होत्या. थोरलीनं ते फडकं पारड्यावर सोडलं आणि तुकडा मधल्या खोलगट जागेत ठेवला. खळगा वर आला. काटा थरथरला, वर चढला, थांबला.

"किती?"

नर्सबाईंनी चष्मा सारखा केला. "दोन किलो नऊशे. चांगलं वजन आहे."

थोरलीनं कमरेची पिशवी सोडली. तुकडा उचलून बाजूला ठेवला आणि नाणी ओतली. काटा जरासा अलीकडे राहिला. नर्सबाई "झालं" म्हणणार होत्या, पण थोरलीचा हात पुन्हा पिशवीत गेला होता. थोरलीनं आणखी तीन नाणी टाकली. मग वर एक.

नर्सबाईंनी शेवटच्या चोपडीचं शेवटचं पान उघडलं. तारीख लिहिली, वजन लिहिलं. "नाव काय घालू?"

"पहिल्या दिवशी काय घालायचीस?"

"पहिल्या दिवशी कुठलं नाव? बारसं होईपर्यंत रकाना मोकळाच ठेवायचे."

"मग ठेव तसाच."

तिनं तुकडा पुन्हा फडक्यात गुंडाळला नाही. व्हरांड्याचं दार वाऱ्यानं आपटत होतं. ती वाकली, दार मागे लोटलं आणि त्याला तो तुकडा लावला. दार थांबलं.

ऊन चढत होतं. पूर्वेची भिंत वाळायला लागली असणार. ओला चुना फार लवकर वाळला तर तडकतो, महिनाभर तरी त्याला पाणी पाजावं लागतं. थोरलीनं अंगणातल्या पाण्याच्या नळाखालची झारी भरून घेतली आणि इमारतीला वळसा घालून निघाली.